बर्फावरचा पुजारी आणि राजघाटावरचा कावळा

भाऊजी, चौकात तुमचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, हसतमुख, मनमिळाऊ, अजातशत्रू. हे कोणी लिहिलं ते मी शोधून काढणार आहे. हसतमुख म्हणे. सकाळी चहा मिळेपर्यंत तुमचं तोंड कसं असायचं ते कोणी मला विचारावं. आणि अजातशत्रू कसे? मी होते की घरात.

कॉलनीतल्या जुन्या लोकांचा फोन आला होता. वहिनी, तुम्ही चार शब्द लिहून द्या, आम्ही ग्रुपवर टाकतो. जन्म कुठला, कारखान्यात कधी लागले, निवृत्त कधी झाले, असं काहीतरी हवं असणार त्यांना. ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना आता कळून करायचंय काय. मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात की नाही, एवढं एकच मला जाणून घ्यायचंय. शिवाय इथे नदीवर राजघाटाला तुमच्या दहाव्याला जे झालं, त्यात कुठेतरी पाणी मुरतंय अशी मला शंका आहे. हसू नका. माझ्या शंकांना तुम्ही जन्मभर हसलात, आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या निघाल्या.

हे दुसरं कोणी वाचलं तर त्याला काही कळायला हवं, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच सांगते. कागदाच्या कारखान्याच्या कॉलनीत क्लब होता आणि क्लबात कॉलनीतला पहिला मोठा रंगीत टीव्ही. एका संध्याकाळी क्रिकेट बघायला सगळे जमले, तर तिथे परदेशातले बर्फाचे खेळ लागलेले. एक पुरुष चमचम करणारा सदरा घालून बर्फावर आला. सगळा क्लब हसला. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, हा काय लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो का? तेवढ्यात तो उलटा सरकत आला, उडाला, हवेत गरगर फिरला आणि एका पायावर मागच्या मागे उतरला. मग कोणी हसलं नाही, पण थांबलंही नाही. एकेक जण उठून पत्त्यांच्या टेबलाकडे गेला. खुर्च्यांवर उरलो तुम्ही आणि मी. तुम्ही म्हणालात, "वहिनी, याला चक्कर कशी येत नाही हो?" मला काय माहीत. पण मलाही तेच विचारायचं होतं.

तेव्हापासून तो खेळ आपला झाला. बायकांचा लागला तर आपण बघायचो, जोड्यांचाही बघायचो, पण जीव अडकायचा तो पुरुषांच्या स्पर्धेत. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, आपल्याकडच्या पुरुषांत एवढा जोर आणि एवढा नाजूकपणा एका अंगात आपण कधी बघितलाच नव्हता. तुमच्या दादांना साधी कपबशी धरता यायची नाही, काहीतरी सांडायचंच.

दादा गेले, क्वार्टर सुटलं, आपण बुऱ्हाणपुरात लालबागेत माझ्या नितीनकडे आलो. तुम्ही लग्न केलेलं नाही, त्यामुळे तुम्हीही आमच्यातच. नितीनने नेटवर चालणारा टीव्ही आणला आणि आपली चंगळ झाली. स्पर्धा तिकडे व्हायच्या भलत्या वेळेला, म्हणून आपण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर बघायचो. दार सताड उघडं ठेवून. विधवा भावजय आणि बिनलग्नाचा दीर दुपारभर काय करतात, याची गल्लीला काळजी होती ना. येणारा-जाणारा डोकावायचा, आणि त्याला दिसायचं काय, तर टीव्हीत एक गोरा पोरगा एका टांगेवर उभा आणि आपण दोघं त्याच्यावरून हमरीतुमरीवर आलेलो. दोन-चारदा डोकावून त्यांचाच उत्साह संपला.

घरात सक्त ताकीद होती, निकाल आधी कोणी सांगायचा नाही. नितीनने नाही, सूनबाई रूपालीने नाही. ज्याला कळला त्याने तोंड शिवून बसायचं. तरी मला तुमची शंका यायचीच. तुमच्याकडे मोबाइल होता, माझ्याकडे नव्हता. एखाद्याचे मार्क यायच्या आधीच तुम्ही इतके शांत कसे, असं वाटलं की मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, टीव्ही तिकडे आहे."

खेळाडूंची खरी नावं आपल्याला बोलता यायची नाहीत, म्हणून आपण आपली नावं ठेवली होती. तुमचा लाडका पुजारी. बर्फावर आला की वाकून बर्फाला हात लावायचा आणि तो हात छातीशी न्यायचा, म्हणून पुजारी. आणि मला डोळ्यांसमोर नको व्हायचा तो जावई. मार्कांची वाट बघायला कोचाबरोबर बाकड्यावर बसतात ना, तिथे तो असा पाय पसरून बसायचा, जसा काही दिवाळसणाला आलाय आणि आता ताट कधी वाढताय. ही नावं आपण दोघांपुरतीच ठेवली. नितीनला आणि रूपालीला कळली असती तर त्यांनी आपली टिंगल केली असती.

खेळ कसा चालतो ते तुम्हीच मला शिकवलंत, आणि मग पस्तावलात. पुरुषांची स्पर्धा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी छोटा नाच, नंतर मोठा, दोन्हींची बेरीज करून नंबर. मार्कांचेही दोन भाग. एक उड्यांचा, म्हणजे किती फेरे घेतले, पुरे झाले की पावफेरा कमी पडला. टीव्हीच्या कोपऱ्यात चौकोन असतो, उडी चांगली तर हिरवा, आणि पंचांना पुन्हा बघायचं असलं की पिवळा. तो पिवळा दिसला की मी म्हणायचे, झालं, आता कापणार. दुसरा भाग नाच किती सुंदर केला त्याचा. माझं सगळं भांडण त्या दुसऱ्या भागाशी होतं. तोंड बघून दिलेले मार्क ते. जावयाला तिथे कधी कमी मिळाले नाहीत. पडला तरी मिळायचे.

तुम्ही म्हणायचात, "वहिनी, नऊ पंच बसलेत, नऊच्या नऊ खोटे कसे असतील?"

मी म्हणायचे, "आपल्या गल्लीत तीन दूधवाले आहेत. त्यातला कोणता पाणी घालत नाही ते सांगा."

यावर तुम्ही कपाळाला हात लावायचात. म्हणायचात, तुम्ही पोलिसात जायला हव्या होत्या. मी म्हणायचे, तुम्ही कारखान्यात जन्मभर कागद निवडत बसलात, ठिपक्याएवढा डाग दिसला तरी ताव बाजूला काढायचात, आणि माणसांतला एक डाग तुम्हाला दिसत नाही. ही वाक्यं आपण इतक्या वेळा बोललो की रूपाली स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

भांडण काही मिटलं नाही. ते मिटवायची तुम्हाला घाई होती, मला नव्हती. तुमचं एकच मागणं होतं. एकदा तरी म्हणा की निकाल बरोबर होता. कोणत्याही एका स्पर्धेचा. मी म्हणायचे, बरोबर निकाल लागू दे, मग म्हणते.

आता त्या शुक्रवारचं. यंदाची मोठी स्पर्धा. जेवणं झाली, आपण पहिल्या दिवसाचा नाच लावला. पुजारी पांढऱ्या सदऱ्यात आला, बर्फाला हात लावला, आणि असा नाचला की तुम्ही मांडी मोडून खुर्चीच्या टोकाला आलात. एकही पिवळा चौकोन नाही. तुमचा चेहरा अगदी पोरासारखा झाला होता, मला बघवेना. मग शेवटी जावई आला. एका उडीवर थोडा डगमगला, हात हलला, मी बघितलं, तुम्हीही बघितलं. तरी मार्क आले आणि जावई पुढे. पुजारी दुसरा. फरक इतकासा.

मी उसळले. म्हणाले, आधीच ठरलेलं आहे हे, आपण उगाच दुपार घालवतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही वहिनी. डगमगला खरा. पण बाकी सगळं त्याने पुजाऱ्यापेक्षा चांगलं केलं. मी पुजाऱ्याचा असून सांगतोय."

तिथे मी थांबायला हवं होतं, पण मी कुठली थांबते. म्हणाले, "तुम्हाला कोणीही काहीही वाढलं तरी बरोबरच वाटतं. म्हणून तर कारखान्यात मागचे लोक पुढे गेले आणि तुम्ही होतात तिथेच राहिलात."

तुम्ही रिमोट खाली ठेवलात. उठून चप्पल घातलीत. दारातून म्हणालात, "समोरचा दरवेळी चोरच असला पाहिजे, वहिनी? फार थकायला होतं हो असं जगलं की." आणि गेलात. मी केलेला चहा तसाच राहिला. रात्री जेवायला आलात तेव्हा भाजी वाढून घेतलीत, मीठ मागितलंत, बाकी शब्द नाही. मी म्हटलं, उद्या दुपारी मोठा नाच आहे, तेव्हा येतील लायनीवर.

सकाळी अंगणात तुळशीपाशी खुर्ची टाकून बसला होतात. मी आत भाकरी करत होते. रूपालीने हाक मारली तेव्हा खुर्ची तीच होती आणि तुम्ही तसेच बसलेले होतात. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. मला तो डॉक्टरही बरोबर वाटला नाही. त्याला काय माहीत तुम्हाला त्रास कशाचा होता.

त्या दिवसापासून मी कोणाला काही विचारलं नाही आणि टीव्हीलाही हात लावला नाही. घर माणसांनी भरलं होतं, येणारा प्रत्येक जण म्हणत होता, सोन्यासारखं मरण आलं, काही म्हणजे काही राहिलं नाही त्यांचं. मी मनात म्हणत होते, राहिलंय. माझं आणि त्यांचं बोलणं राहिलंय. मोठा नाच राहिलाय.

दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत आपल्यात. मी गेले. तुमच्या मागे रडायला बायको नाही, मूल नाही, तर घाटावर वहिनी तरी असावी की नाही. तुकईथडहून तुमचे चुलतभाऊ दगडूभाऊ आले होते, त्यांनी नाक मुरडलं, पण माझ्यापुढे कोण बोलतो. राजघाटाच्या वरच्या पायरीवर मी बसले. खाली नितीनने मुंडन करून घेतलं, गुरुजींनी विधी केला, भाताचा पिंड दगडावर मांडला आणि सगळे बाजूला सरकून उभे राहिले. कावळ्यांची काही कमी नव्हती. पिंपळावर बसले होते, कठड्यावर बसले होते, एक तर पिंडापासून हातभर अंतरावर येऊन मान वाकडी करून बघत होता. शिवत मात्र कोणी नव्हता.

मग सुरू झालं. ज्याची इच्छा अडकते त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा इच्छा ओळखा. नितीन हात जोडून म्हणाला, "काका, आईची काळजी मी घेईन." कावळा नाही. दगडूभाऊ म्हणाले, "भाऊ, गावच्या देवळाचं काम तुमच्या नावानं करून टाकतो." कावळ्याने पाठ फिरवली. मला तेवढ्यातही वाटलं, चला, कावळ्यालाही दगडूभाऊंचा भरवसा नाही. कोणी म्हणालं, वर्षश्राद्ध करू. कोणी म्हणालं, गाईला चारा घालू. ऊन चढत चाललं होतं. गुरुजींना पुढे आणखी एक काम होतं, त्यांचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. शेवटी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावून टाकू. चालतं शास्त्राला."

मी वरून म्हणाले, "नाही चालणार."

नितीन वर आला. म्हणाला, "आई, प्लीज. टाइम बघ. सगळे वेट करून राहिले."

मी त्याला विचारलं, "काका त्या सकाळी तुझ्याशी काही बोलले होते का? खरं सांग."

तो घुटमळला. म्हणाला, "काही खास नाही गं. मी ड्यूटीवर निघत होतो. मोबाइलवर तुमच्या त्या स्केटिंगचा रिझल्ट आला होता. मी म्हटलं, काका, सांगू का? तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, गप रे. पुजाऱ्याचं काय झालं ते मी वहिनींबरोबरच बघणार." मग म्हणाला, "आई, पुजारी कोण गं?"

भाऊजी, मी शंका घेणारी बाई आहे. माझं पोर माझ्या समाधानासाठी खोटं बोलेल ही शंका मला पहिल्या शब्दालाच आली होती. पण पुजारी हे नाव त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. खाली गुरुजींनी मान वर करून बघितलं, त्यांना वाटलं त्यांच्याबद्दलच बोलणं चाललंय. मी पदर तोंडात घातला आणि रडले. तुम्ही गेलात तेव्हापासून पहिल्यांदा. रागावलेला माणूस असं म्हणत नाही ना? म्हणजे मला तसं वाटलं. पण मनाचं कसं असतं, लगेच दुसरी बाजू मांडतं. तुम्ही भले माणूस. पोरासमोर वहिनीबद्दल वाकडं कसं बोलाल?

मग मी ठरवलं. नितीनला म्हणाले, "लाव."

"काय लाव?"

"मोठा नाच. मोबाइलवर. इथे."

"आई, तू पागल झालीस का? लोक काय म्हणतील?"

"काकांचं तेवढंच राहिलंय. मी बघते, ते बघतील. मग बघू कावळा शिवतो की नाही."

मी खाली उतरले आणि पिंडाच्या जरा अलीकडे बसले. नितीनने मोबाइल माझ्या हातात दिला. उन्हात काही दिसेना, काच नुसती चमकत होती. दगडूभाऊ म्हणाले, "थांबा वैनी," आणि खांद्यावरचा गमछा त्यांनी माझ्या डोक्यावरून मोबाइलवर धरला. मग त्यांनाही बघायचं होतं, म्हणून ते आत शिरले. नितीन आत आला. वस्तरा पुसत उभा असलेला न्हावी मागून वाकला. गुरुजी आधी लांब उभे राहून नाराजी दाखवत होते, मग म्हणाले, "काय आहे तरी काय?" आणि तेही. राहिलेले दोन-तीन नातेवाईकही आले. एका गमछ्याखाली आम्ही सगळे डोकी घालून बसलो. घामाचा वास, गंधाचा वास, आणि आत वीतभर बर्फ.

पुजारी आला. निळा सदरा. वाकून बर्फाला हात लावला.

"हा तर नमस्कार करून राहिला," दगडूभाऊ म्हणाले.

"यालाच पुजारी म्हणतात," मी म्हणाले. गुरुजी जरा पुढे सरकले.

पहिली उडी चार फेऱ्यांची. गेला, उतरला, हिरवा. न्हाव्याच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं. दुसरी हिरवी. तिसरीला पिवळा लागला आणि मी सवयीने म्हणाले, कापणार मेले. आणि मग शेवटाकडे, संगीत चढत असताना, पुजारी उडाला, हवेतच वाकडा झाला आणि कमरेवर पडला. तो पडण्याचा आवाज मोबाइलच्या एवढ्याशा भोकातूनही ऐकू आला. तो उठला. उठून पुन्हा त्याच वेगात गेला, जणू मधे काही झालंच नाही. संपल्यावर मात्र हात खाली सोडून नुसता उभा राहिला. मला तुमचा हात शोधावासा वाटला. आपण कधी हात धरले नाहीत भाऊजी, तशी रीत नाही आपल्यात. पण त्या वेळेला वाटला.

"पोरगा चांगला होता," दगडूभाऊ म्हणाले. "नशीब खराब."

मग जावई. मी दात आवळून बघायला बसले होते. त्याचा एकेक दोष काढायचा असं ठरवून. एक उडी, दुसरी, तिसरी. डगमग नाही. हात नाही हलला. चौकोन सगळे हिरवे. पण उड्या सोडा. मधे एक जागा होती, तिथे त्याने उडी मारली नाही, गिरकी घेतली नाही, नुसता एका पायावर वाकून लांबच लांब वळण घेत गेला, हात पसरून. त्यात काही करून दाखवणं नव्हतं. मी इतकी वर्षं ज्या मार्कांना तोंड बघून दिलेले म्हणत आले, ते कशाचे असतात हे मला तिथे कळलं. संपल्यावर तो बर्फावर गुडघे टेकून बसला आणि तोंड झाकून रडला. बाकड्यावर बसला तेव्हा पाय पसरलेले नव्हते. पाय जुळवून बसला होता, एखादं पोर शाळेत निकालाची वाट बघतं तसा.

मार्क आले. जावई पहिला. पुजारी तिसरा.

गुरुजी म्हणाले, "ते मधलं पुन्हा दाखवा जरा."

नितीनने मागे घेतलं, पुन्हा बघितलं सगळ्यांनी. मग दगडूभाऊंनी गमछा काढला. उन्हाने डोळे दिपले. आणि न्हावी म्हणाला, "अरे, शिवला की."

पिंडाचा एक कोपरा तुटला होता. भाताची चार शितं दगडावर सांडली होती. कावळे होते तिथेच, कठड्यावर, पिंपळावर, काही झालंच नाही असा चेहरा करून. सगळे एकदम पिंडाकडे गेले. नितीनने हात जोडले, दगडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी म्हणाले, इच्छा पूर्ण झाली. मी विचारलं, "शिवताना कोणी बघितला?"

कोणीच बघितला नव्हता.

आता सांगा भाऊजी, माझ्यासारख्या बाईने हे कसं पचवायचं? घरी आल्यावर जेवण गेलं नाही मला. गुरुजींना घाई होती. न्हाव्यालाही दुसरीकडे जायचं होतं. नितीनला माझी काळजी. प्रत्येकाकडे कारण होतं. हळूच हात लावून मोकळं व्हायला असा किती वेळ लागतो. मग मी चौकशी सुरू केली. तेराव्याला गुरुजी जेवायला आले तेव्हा पान वाढता वाढता सरळ विचारलं, "गुरुजी, खरं सांगा, पिंडाला तुम्ही हात लावलात?" गुरुजी म्हणाले, "काकू, तो मुलगा पडला तेव्हापासून मी मान वर केली नाही. माझा गुडघा तुमच्या पाठीला लागत होता, आठवत नाही का तुम्हाला?" आठवत होतं. न्हाव्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, माझा हात दगडूभाऊंच्या खांद्यावर होता, त्यांनाच विचारा. विचारलं, दगडूभाऊंनी हो म्हटलं. दगडूभाऊंचे स्वतःचे दोन्ही हात गमछा धरण्यात. नितीन माझ्या गालाला गाल लावून बसला होता. बाकीच्यांना फिरून फिरून विचारलं, सगळ्यांनी जावयाच्या त्या वळणाचं मला वर्णन करून सांगितलं. पिंडाकडे बघत असता तर ते सांगता आलं नसतं. मग मी घाटावरच्या कुत्र्यावर आले. पण कुत्र्याने कोपरा तोडून बाकीचा भात सोडला नसता, अख्खा पिंड चाटून गेलं असतं.

नितीन म्हणाला, "आई, बस झालं आता. मान ना."

मानलं. म्हणजे मानावंच लागलं. ज्याच्यावर संशय घ्यावा असं आता कोणी उरलं नाही, आणि हे किती वाईट असतं ते मला माहीत नव्हतं. सगळं आयुष्य मी कोणाला तरी पकडायला बसले होते, आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सोडून देत होतात. तुम्ही सोडून देणार हे माहीत होतं म्हणून मी पकडत होते, हे मला आता कळतंय. तुमच्या जिवावर मी कडक होते, भाऊजी. भाजीवाल्याने काल वजनात मारलं, मला दिसलं, आणि मी काही बोलले नाही. घरी येऊन कोणाला सांगणार होते? नितीन म्हणेल जाऊ दे, पण तुमच्यासारखं नाही म्हणणार.

कावळा कधी शिवला ते मला कळणार नाही. पुजारी पडला तेव्हा, की जावई रडला तेव्हा, की गुरुजींनी मागे घ्यायला लावलं तेव्हा. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय की तुम्ही मार्क येईपर्यंत थांबलात. तुम्ही कधी अर्ध्यातून उठला नाहीत, त्या शुक्रवारीसुद्धा सगळं संपल्यावर उठलात. रागावला होतात, हेही मी धरून चालते. रागवायलाच हवं होतं. मी बोलले ते तसंच होतं. पण राग दुपारपर्यंतचा होता, आणि दुपारी तुम्ही येणार होतात. एवढं मला आता पक्कं कळलंय.

घाटावर जे मोठ्याने म्हणायचं होतं ते राहून गेलं. गमछा निघाला आणि सगळे पिंडाकडे धावले, माझ्या तोंडातलं तोंडातच राहिलं. म्हणून हे चार शब्द. ग्रुपवर टाकायचे तर टाकू देत, चौकात लावायचे तर लावू देत. निकाल बरोबर होता. जावई चांगला नाचला. पुजारी पडला, ते कोणी पाडलं नव्हतं. शुक्रवारचा निकालही बरोबर होता. आधीचेही असतील बरेचसे.

हे घ्या, म्हटलं मी. इतकी वर्षं ऐकायचं होतं ना तुम्हाला, तर मी तुमची खुर्ची समोर घेऊन, टीव्ही बंद करून, मोठ्याने म्हटलं. आतून रूपालीने विचारलं, "आई, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, कोणाशी नाही. आणि वाट बघत बसले. माणसाने हार मानली की समोरच्याने काहीतरी बोलायचं असतं, भाऊजी.